माउंट रोडवरील विमाइमारत

मद्रासचा माउंट रोड हा मुळात किल्ला आणि टेकडी यांना जोडणारा रस्ता. फोर्ट सेंट जॉर्जच्या बाजूने निघून तो कूवम नदी ओलांडतो आणि नैर्ऋत्येकडे सेंट टॉमस माउंट या टेकडीपर्यंत जातो. टेकडीवरूनच त्याला नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात येथे युरोपीय व्यापाऱ्यांची मोठी दुकाने उभी राहिली. पी. ऑर आणि कंपनीची घड्याळांची पेढी, हिगिनबॉथम्स हे पुस्तकांचे दुकान, स्पेन्सरचे प्रशस्त भांडार ही त्यांतली नामांकित. पुढे वृत्तपत्रांच्या कचेऱ्या, बँका आणि विमाकंपन्या आल्या आणि जुन्या जॉर्ज टाऊनमधील बाजारपेठेच्या जोडीला शहराचे दुसरे व्यापारी केंद्र येथे तयार झाले. सी. एन. अण्णादुरै यांच्या निधनानंतर रस्त्याचे नाव अण्णा सालै झाले, १९९६ मध्ये शहराचे नाव चेन्नई झाले. पण जुन्या पिढीच्या तोंडी माउंट रोड हेच नाव राहिले. या रस्त्यावर २३ ऑगस्ट १९५९ रोजी तत्कालीन केंद्रीय अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी १७७ फूट उंचीच्या एका इमारतीचे उद्घाटन केले. भारतीय आयुर्विमा महामंडळाची ही इमारत देशातील सर्वांत उंच इमारत म्हणून तेव्हा गाजली.

आजच्या वाचकाला १७७ फूट म्हणजे सुमारे ५४ मीटर ही उंची क्षुल्लक वाटेल. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचे विमान, जे अकराव्या शतकाच्या आरंभी चोळांनी उभारले आणि ज्याच्या परिसरात पुढे मराठ्यांनी पावणेदोनशे वर्षे राज्य केले, ते या इमारतीहून उंच आहे. तेव्हा दक्षिणेतील माणसाला उंच बांधकामाचे अप्रूप होते असे नाही. अप्रूप होते ते उंचावर माणसांनी बसून काम करण्याचे. मंदिराच्या शिखरात कोणी राहत नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या ज्या मनोऱ्यावर १८९४ पासून दीपगृहाचा दिवा होता, तेथेही दिवा राखणाराच काय तो चढे. येथे मात्र कारकून, टंकलेखक आणि अधिकारी रोज सकाळी लिफ्टने वर जाऊन संध्याकाळी खाली येऊ लागले. ‘चौदा मजली एल.आय.सी.’ हा शब्दप्रयोग तमिळ बोलण्यात रूढ झाला आणि उंच माणसापासून अशक्यप्राय गोष्टीपर्यंत कशालाही ही इमारत माप म्हणून वापरली जाऊ लागली.

प्रश्न असा पडतो की मद्रासला या उंचीची गरज काय होती? मुंबईच्या दक्षिण टोकाला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. तेथे जमीन अपुरी, म्हणून आधी समुद्र बुजवून आणि मग वर चढून जागा निर्माण करावी लागली. १९७० नंतर नरिमन पॉइंटवर एक्सप्रेस टॉवर्स आणि एअर इंडियाची इमारत उभी राहिली, त्यामागे हे कारण ठळक आहे. मद्रासची गोष्ट वेगळी. हे शहर सपाट, पसरट आणि मोकळे. खुद्द माउंट रोडच्या दोन्ही बाजूंना बागांनी वेढलेली एकमजली-दुमजली घरे होती. जमिनीच्या टंचाईने तेथे कोणाला आकाशाकडे ढकलले नव्हते. उंचीचे कारण इमारतीच्या मालकाच्या धंद्यात शोधावे लागते.

विमा हा धंदा विलक्षण आहे. कापडाचा व्यापारी कापड दाखवतो, सोनार सोने तोलून देतो. विमाकंपनी जे विकते ते डोळ्यांना दिसत नाही. आज हप्ता घ्यायचा आणि वीस-तीस वर्षांनी, बहुधा विमेदाराच्या पश्चात, त्याच्या बायकामुलांना रक्कम द्यायची, एवढेच वचन ती विकते. तेव्हा कंपनी शिल्लक असेल का, ही शंका गिऱ्हाइकाच्या मनात प्रथम येते. ती घालवण्यासाठी विमेदाराला हमी वाटेल असे काहीतरी जाड, जड आणि हलवता न येण्यासारखे दाखवावे लागते, आणि इमारतीइतके हलवता न येणारे दुसरे काय आहे? दुसरे कारण हिशेबाचे आहे. हप्त्यांतून विमानिधी साचत जातो. तो दीर्घ मुदतीसाठी, फारसा धोका न पत्करता कोठे तरी गुंतवावा लागतो. शहराच्या मोक्याच्या जागी स्वतःची कचेरी बांधली, उरलेले मजले भाड्याने दिले, की गुंतवणूकही झाली आणि जाहिरातही झाली.

उंच इमारतींचा इतिहास पाहिला की विमाकंपन्यांची नावे पुन्हा पुन्हा भेटतात, ते यामुळेच. न्यूयॉर्कमध्ये १८७० साली बांधलेली इक्विटेबल लाइफची इमारत ही प्रवासी लिफ्ट असलेली पहिली कचेरी मानली जाते. शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ मध्ये दहा मजल्यांची झाली आणि धातूच्या सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या गगनचुंबी इमारतींची ती आद्य प्रतिनिधी ठरली. १९०९ मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफने न्यूयॉर्कमध्ये ७०० फूट उंचीचा मनोरा बांधला. चार वर्षे तो जगातील सर्वांत उंच इमारत होता. आपल्याकडेही तेच. मुंबईच्या फोर्ट विभागातील न्यू इंडिया अश्युरन्सची १९३० नंतरच्या दशकातील इमारत, जिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांची शिल्पे आहेत, ती याच वृत्तीचे फळ होय. शेतकरी, कुंभार, सूत कातणारी स्त्री यांची ती भव्य शिल्पे सामान्य माणसाला ‘तुझे कष्ट येथे सुरक्षित आहेत’ असेच सांगत होती.

मद्रासच्या इमारतीची कल्पना एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांची. नाट्टुकोट्टै चेट्टियार ही तमिळनाडूतील सावकारी करणारी जमात ब्रह्मदेश आणि मलाया येथील व्यापारामुळे प्रसिद्ध आहे. चिदंबरम त्या जमातीचे. १९३७ मध्ये त्यांनी इंडियन ओव्हरसीज बँक स्थापन केली आणि कारैकुडी, मद्रास व रंगून अशा तीन ठिकाणी तिच्या शाखा एकदम उघडल्या. विम्याच्या क्षेत्रात युनायटेड इंडिया ही कंपनी त्यांच्या हाती होती. ही कंपनी १९०६ ची, म्हणजे स्वदेशीच्या चळवळीतून जन्मलेल्या विमाकंपन्यांपैकी एक. (चेपॉकच्या क्रिकेटच्या मैदानाला ज्यांचे नाव आहे ते एम. ए. चिदंबरम निराळे, मद्रासबाहेर या दोघांची अनेकदा गल्लत होते.) आपल्या बँक आणि विमा व्यवसायांचे ठाणे माउंट रोडवर एका उंच इमारतीत असावे, अशी त्यांची इच्छा होती. लंडनच्या ब्राउन आणि मूलां या वास्तुविशारदांनी अठरा मजल्यांचा आराखडा केला. १९५३ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. ते तेव्हा केंद्रात वाणिज्य आणि उद्योग खात्याचे मंत्री होते. वर्षभरातच, १३ मार्च १९५४ रोजी, सिंगापूरच्या कलांग विमानतळावर उतरताना झालेल्या विमान अपघातात चेट्टियार मृत्यू पावले. तेव्हा त्यांचे वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते.

इमारतीचे काम चालू राहिले. अठरा मजल्यांचा बेत मात्र आखडला आणि काम मद्रासमधील एल. एम. चितळे यांच्याकडे आले. लक्ष्मण महादेव चितळे हे मराठी वास्तुविशारद १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभापासून मद्रासमध्ये व्यवसाय करीत होते. या शहराच्या आधुनिक वास्तुकलेत त्यांचे नाव महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रात मात्र ते जवळजवळ अपरिचित राहिले. बांधकाम मुरुगप्पा समूहाच्या कोरोमंडल इंजिनिअरिंग कंपनीने केले. एकूण खर्च सुमारे ८७ लाख रुपये आला.

बांधकामाच्या दृष्टीने या इमारतीने मद्रासमध्ये काय बदलले, हे पाहण्यासाठी जुनी पद्धत लक्षात घ्यावी लागते. मद्रासची जुनी वास्तू विटांची आणि चुन्याची. शिंपल्यांचा चुना भाजून, मळून, घोटून केलेला येथील गिलावा संगमरवरासारखा चकाके. छतासाठी सागवानी तुळया टाकून त्यांवर चुन्यात उभ्या विटा बसवीत. या छताला ‘मद्रास टेरेस’ असे नावच पडले आहे. पण अशा वास्तूत सगळा भार भिंतींवर असतो. वर मजला चढवायचा तर खालची भिंत आणखी जाड करावी लागते. शिकागोमध्ये १८९१ च्या सुमारास मोनॅडनॉक ही सोळा मजली इमारत विटांच्या भारवाहक भिंतींवर उभी केली, तेव्हा तळाशी भिंत सहा फूट जाड झाली. म्हणजे तळमजल्यावरची, सर्वांत जास्त भाडे आणणारी जागा भिंतच खाऊन टाकते. काँक्रीटच्या सांगाड्यात भार खांब आणि तुळया घेतात. भिंत केवळ ऊन-पावसाचा आडोसा उरते. ती पातळ करा, तिला हवी तेवढी मोठी खिडकी पाडा. मद्रासमधील कारागिराला ही रीत अगदीच नवी होती असे नाही, परंतु ती एवढ्या उंचीला जाऊ शकते हे त्याने माउंट रोडवर प्रथम पाहिले. इमारतीचा आकारही त्या काळाच्या वळणाचा आहे. लांबट, अरुंद, सपाट माथ्याची ही पेटी न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयाने रूढ केलेल्या आकाराशी नाते सांगते. घुमट, कमानी आणि छत्र्या यांनी नटलेल्या मद्रासच्या इंडो-सारासेनिक वास्तूंशेजारी ती प्रारंभी रुक्ष वाटली असल्यास नवल नाही. वऱ्हांडा, उंच छत, जाळीतून येणारी समुद्राची हवा या जुन्या सोयीही या नव्या आकारात बसल्या नाहीत. मद्रासच्या उन्हाळ्यात ही उणीव लहान म्हणता येणार नाही.

काँक्रीट वर चढत असतानाच इमारतीचा मालक बदलला. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी नभोवाणीवरून देशातील आयुर्विम्याचा धंदा सरकार ताब्यात घेत असल्याचे जाहीर केले. वटहुकूम गुप्तपणे तयार करण्यात आला होता, कारण कुणकुण लागली असती तर काही कंपन्यांनी निधी इकडचा तिकडे केला असता. ही भीती काल्पनिक नव्हती. डिसेंबर १९५५ मध्ये फिरोज गांधी यांनी लोकसभेत रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्स कंपनीचा कारभार चव्हाट्यावर मांडला होता. विमेदारांच्या निधीतील सुमारे सव्वादोन कोटी रुपये मालकाच्या अन्य व्यवहारांत गेले होते. दालमियांना पुढे त्याबद्दल तुरुंगवास झाला. देशमुखांच्या वटहुकुमाने एकूण २४५ विमासंस्था एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. त्यांत मद्रासची युनायटेड इंडिया होती, तशीच मूळची लाहोरची भारत इन्शुरन्सही होती. चेट्टियारांच्या घराण्याची अर्धवट इमारत अशा रीतीने सरकारी महामंडळाची झाली. देशमुख मात्र महामंडळाचा जन्म पाहण्यापूर्वीच, जुलै १९५६ मध्ये, मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा देऊन बाहेर पडले होते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयास हवी. महामंडळाच्या कायद्यातील ३७ व्या कलमाने प्रत्येक विमापत्राला केंद्र सरकारची हमी दिली. ज्या विश्वासासाठी विमाकंपन्यांना मनोरे बांधावे लागत होते, तो विश्वास आता कायद्याच्या एका कलमाने पुरविला. म्हणजे तत्त्वतः उंच इमारतीची गरज संपली होती. तरीही ती पूर्ण झाली, आणि खासगी कंपनीच्या पुरुषार्थाऐवजी नव्या राष्ट्राच्या पुरुषार्थाची खूण म्हणून तिचे कौतुक झाले. एकच वास्तू दोन परस्परविरोधी आर्थिक विचारांची ध्वजा होऊ शकते, हे मद्रासमध्ये विशेष सहजपणे घडले.

शिवाय सरकारी हमी म्हणजे निधीचा कारभार चोख, असे समीकरण नव्हते. जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग विकत घेतले. मुंदडांचे व्यवहार तेव्हाच संशयास्पद होते. डिसेंबरात फिरोज गांधींनीच हे प्रकरण लोकसभेत काढले. पूर्वी खासगी मालकाविरुद्ध वापरलेले शस्त्र त्यांनी आता आपल्याच पक्षाच्या सरकारवर धरले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश महंमदअली छागला यांनी १९५८ च्या आरंभी मुंबईत उघड चौकशी केली. ती ऐकण्यासाठी एवढी गर्दी लोटली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. सचिवांच्या कृतीची वैधानिक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि अर्थमंत्र्यांना फेब्रुवारीत पायउतार व्हावे लागले. हे अर्थमंत्री म्हणजे टी. टी. कृष्णम्माचारी, ज्यांनी पाच वर्षांपूर्वी माउंट रोडवर कोनशिला बसवली होती. इमारत पुरी झाली तेव्हा फीत कापायला त्यांच्या जागी मोरारजी आले, त्याचे कारण असे आहे. उद्घाटनाच्या समारंभात हा योगायोग अनेकांच्या मनात असणार.

महामंडळाचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत राहिले. मद्रासच्या इमारतीत दक्षिण विभागाचे कार्यालय आले. उंचीचा मान साठीच्या दशकातच मुंबईकडे गेला. कारमायकेल रोडवरील उषाकिरण ही निवासी इमारत सुमारे ८० मीटरपर्यंत पोचली. मद्रासमध्ये मात्र दीर्घकाळ या इमारतीला स्पर्धक नव्हता. तमिळ चित्रपटांनी तिला वेगळेच आयुष्य दिले. खेड्यातला तरुण नोकरी शोधायला शहरात येतो, हे दाखवायचे तर सेंट्रल स्टेशनचा मनोरा, मग माउंट रोड आणि मान वर करून पाहायला एल.आय.सी.ची इमारत, असा क्रम दिग्दर्शकांच्या अंगवळणी पडला. ज्या कोट्यवधी प्रेक्षकांनी मद्रास पाहिले नव्हते, त्यांना या एका दृश्यावरून शहर कळे.

११ जुलै १९७५ रोजी या इमारतीला मोठी आग लागली. महामंडळाच्या बोधचिन्हात दोन हातांनी जपलेली दिव्याची ज्योत आहे. त्या चिन्हाखालची ज्वाळा पाहताना मद्रासच्या लोकांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. उंच कचेऱ्यांच्या आगीचे स्वरूप वेगळे असते. जिना आणि लिफ्ट यांच्या उभ्या पोकळ्या धुराड्यासारखे काम करतात. खालचा धूर क्षणात वर जातो आणि माणसांना उतरण्याची वाट तीच असते. विमाकचेरी तर कागदांनीच भरलेली. प्रत्येक विमापत्रामागे अर्ज, वैद्यकीय दाखला, वारसाचे नाव, हप्त्यांच्या नोंदी अशी एक फाइल, आणि संगणक येण्यापूर्वी ती फाइल हाच विमेदाराचा मुख्य पुरावा. न्यूयॉर्कची उपर्युक्त इक्विटेबलची इमारतही जानेवारी १९१२ मध्ये आगीतच नष्ट झाली होती. भारताची पहिली राष्ट्रीय इमारत संहिता १९७० ची. म्हणजे माउंट रोडवरील इमारत बांधली तेव्हा उंच वास्तूंतील आगीबाबतचे देशव्यापी मानदंड लिहिलेच गेले नव्हते. ती दुरुस्त होऊन पुन्हा वापरात आली. एप्रिल २०२३ मध्ये तिच्या माथ्यावरील नामफलकाने पेट घेतला, पण ती आग लवकर आटोक्यात आली. शेजारच्या स्पेन्सरच्या जुन्या भांडाराचे दैव तेवढे बलवत्तर नव्हते. ते १९८३ मध्ये जळाले आणि त्या जागी नवे व्यापारी संकुल उभे राहिले.

२०१९ च्या फेब्रुवारीत अण्णा सालैखालून भुयारी मेट्रो सुरू झाली. तिच्या एका स्थानकाचे नाव एल.आय.सी. असेच आहे. गावाचे, देवाचे वा पुढाऱ्याचे नाव स्थानकाला मिळते. विमा महामंडळाच्या आद्याक्षरांना तो मान मिळाल्याचे उदाहरण देशात क्वचितच सापडेल.

याच स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, जनरल पॅटर्स रोडच्या कोपऱ्यावर महामंडळाची दुसरी एक मालमत्ता आहे. १८९७ मध्ये डब्ल्यू. ई. स्मिथ या औषधविक्रेत्या कंपनीसाठी बांधलेली ही कार्डिल बिल्डिंग, तिच्या मिनारांसह आणि कमानींसह, उंच इमारत येण्यापूर्वी माउंट रोडची शोभा होती. १९३४ मध्ये ती भारत इन्शुरन्सने घेतली आणि भारत बिल्डिंग म्हणून ओळखली जाऊ लागली. दालमियांच्या कंपनीबरोबर १९५६ साली तीही महामंडळाकडे आली. एकाच मालकाच्या या दोन वास्तूंपैकी एकीला शहराचे प्रतीक होण्याचे भाग्य लाभले, दुसरी ओस पडत गेली. २००६ मध्ये धोकादायक ठरवून ती पाडण्यास प्रारंभ झाला. वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेने न्यायालयात दाद मागितली आणि २०१० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती पाडण्यास मनाई केली. कोणती वास्तू वारसा ठरते आणि तिच्या मालकाला काय बंधने येतात, याविषयीच्या भारतीय न्यायनिर्णयांत हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. तथापि पाडू नये या आदेशाने छपराची गळती थांबत नाही. निकालानंतरही वर्षानुवर्षे भारत बिल्डिंग बंदच राहिली. तिच्या विटांच्या सांध्यांतून पिंपळाची रोपे फुटत राहिली.